मागची सीट रिकामी का?

रविवारी वंदना आटोपली की आम्ही विहाराच्या ओट्यावर बीपीचं मशीन, शुगरच्या पट्ट्या आणि एक दोनशे पानी वही घेऊन बसतो. नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं वॉर्डात ड्युटी केली, मग नोकरी सोडून वस्तीच्या कामाला लागलो, तरी हाताची सवय जात नाही. आया-बाया येतात, म्हातारी माणसं येतात. हल्ली तरुण पोरंही येऊ लागली आहेत. याचा आनंद मानावा की काळजी करावी, तेच कळत नाही.

वहीची पानं चाळताना एक गोष्ट आमच्या डोळ्यात भरली. ज्यांचं बीपी चाळिशीच्या आत वर गेलंय, त्यांत महानगरपालिकेत नोकरीला असलेले बरेच जण आहेत. कुणी शिपाई, कुणी क्लार्क, कुणी मुकादम, कुणी दवाखान्यात वॉर्डबॉय. पगार वेळेवर, घरात शिक्षण, व्यसन नाही. मग बिघडलं कुठं? एकाला आम्ही विचारलं, "दादा, कामावर कसे जाता?"

"गाडीवर."

"आणि कोपऱ्यावरून दूध आणायला?"

"गाडीवरच की, ताई."

"मग चालता कधी?"

दादा हसले. ओट्यावरचे सगळेच हसले. आम्हीही हसलो, पण वहीत लिहून ठेवलं.

त्यानंतर काही दिवसांतच जे घडलं, त्यामुळे हा लेख लिहावा लागतो आहे. वस्तीतला एक मुलगा. वडिलांनी जन्मभर मनपाचे रस्ते झाडले. ते निवृत्त झाल्यावर लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसा हक्कानं मुलगा कामाला लागला. घरात पेढे वाटले. दुसऱ्याच महिन्यात हप्त्यानं मोटारसायकल आली. हजेरी पहाटे, त्यामुळे अंधारातच निघायचं. रात्री एका लग्नात जागरण झालेलं, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, एकटाच चाललेला. डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर गेली. जीव वाचला. पण मांडीचं हाड मोडलं, डोक्याला टाके पडले, महिनोन्‌महिने घरी. रजा संपली, गाडीचा हप्ता मात्र चालू राहिला.

त्याच्या आईला भेटायला गेलो. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, त्याच कोठीवर आपल्या गल्लीतली अजून तिघं जातात. त्याच टायमाला. चौघांच्या चार गाड्या. एकामागं एक बसून गेली असती, तर याला डुलकी लागली तरी मागच्यानं थाप मारून जागं केलं असतं की."

एक गल्ली, एक कोठी, एक वेळ आणि चार गाड्या. मागची सीट चारही गाड्यांवर रिकामी. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांनी दोन वाक्यांत सगळा प्रश्न मांडला.

कुणाशी बोलतो आहोत?

आधी एक खुलासा. धुणीभांडी करायला पायी जाणाऱ्या, पीएमटीला लटकणाऱ्या माझ्या बहिणींना हा उपदेश नाही. त्या आधीच चालतात, आधीच बसनं जातात. हातात झाडू घेऊन दिवसभर रस्ता चालणाऱ्या सफाई कामगारालाही "अजून चाला" असं सांगण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. आम्ही बोलतो आहोत ते आपल्या घरातल्या त्या मनपाच्या, नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या माणसाशी, जो रोज एकटा गाडी काढतो, एकटा पोचतो आणि दिवसभर खुर्चीत बसून एकटा परत येतो. त्याच्या वरच्या साहेबाशीही बोलतो आहोत. पाच जणांच्या मोटारीत साहेब एकटे असतात, हे सगळं शहर बघतं.

शरीर काय म्हणतं?

माणसाचं शरीर बसून राहण्यासाठी नाही, हे आता कुणी सांगायला नको. पण हे सिद्ध कसं झालं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. लंडनमध्ये दुमजली बस चालतात. त्या काळी ड्रायव्हर दिवसभर सीटवर असे आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावर, वर-खाली. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघांच्या हृदयविकाराची तुलना केली. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये जास्त. बस एकच, फरक काय तो पायांच्या हालचालीचा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसानं आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. भरभर चालणं त्यात मोजलं जातं. आता हिशेब करा. घरापासून बसथांब्यापर्यंत आणि उतरल्यावर ऑफिसपर्यंत मिळून १५ मिनिटं चालणं झालं, येतानाही तेवढंच, तर दिवसाला ३० मिनिटं. पाच दिवसांचे झाले १५०. जिमची फी नाही, बूट-ट्रॅकसूट नाही, वेगळा वेळ काढायला नको. बीपी आणि शुगरवाल्यांना डॉक्टर "चालायला जा" म्हणतात आणि आपण "वेळ कुठाय?" म्हणतो. तो वेळ कामावर जाण्या-येण्यातच लपलेला आहे. मात्र गोळी चालू असेल तर चालणं सुरू केलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नाही. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर आधी दवाखान्यात दाखवायचं.

दुसरी गोष्ट धुराची. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली जाहीर केलं. हा धूर सगळ्यांत जास्त कोण खातं? सिग्नलला टेम्पोच्या मागे थांबलेला दुचाकीवाला, चौकात झाडू मारणारी ताई आणि मोठ्या रस्त्याला लागून ज्यांचं दार आहे ती आपली घरं. हवेतल्या अतिबारीक धूलिकणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची ४०. म्हणजे सरकारी कागदावर "हवा ठीक" असं लिहिलेलं असलं, तरी आपल्या पोरांची छाती ठीक असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट अपघाताची. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतल्या दर शंभरात जवळपास ४५ दुचाकीवरची होती आणि जवळपास २० पायी चालणारी. हे आकडे आम्ही वॉर्डात खाटेवर पाहिलेले आहेत. नातेवाईक बाहेर उभे असतात आणि एकच वाक्य बोलत असतात, "आत्ताच तर घरातून निघाला होता."

मनपाच्या दारातली बस

आमचं शहर पुणे, म्हणून पुण्याचं उदाहरण देतो. शिवाजीनगरला महानगरपालिकेची इमारत आहे. तिला लागूनच पीएमपीएमएलचं मोठं स्थानक आहे. शहराच्या कानाकोपऱ्यातल्या बसवर नुसतं "मनपा" लिहिलेलं असतं आणि शेंबडं पोरही ते वाचून बसमध्ये चढतं. ऑगस्ट २०२३ पासून तिथं मेट्रोचं स्थानकही सुरू झालं. येरवडा, मंगळवार पेठ इकडून थेट गाडी आहे. दापोडी-बोपोडीकडून येणाऱ्यानं जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलायची. बस दारात, मेट्रो दारात आणि तरी त्या इमारतीच्या आवारात उभ्या दुचाकींतून वाट काढत आत जावं लागतं. जन्माच्या दाखल्यासाठी कडेवर लेकरू घेऊन गेलेल्या बाईला विचारा.

याच पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. आपल्या आजोबा-वडिलांपैकी कितीतरी जण गिरणीत, खडकीच्या कारखान्यात, मनपात सायकलवर गेले. आता सायकलवर जाणाऱ्याला लोक विचारतात, "गाडी विकली काय?" गाडी ही सोय होती, ती कधी इज्जत झाली ते कळलंच नाही. आम्ही हे समजू शकतो. ज्यांच्या आजोबांना गावात चप्पल पायात घालून पाटलाच्या दारावरून जाता येत नव्हतं, त्यांच्या नातवानं स्वतःची गाडी घेतली तर त्याचा अभिमान वाटणारच. गाडी विका असं आम्ही म्हणतही नाही. आपला मान आपल्या शिक्षणात आणि कामात आहे, तो पेट्रोलच्या टाकीत शोधायला नको, एवढंच म्हणतो.

अडचणी खऱ्या आहेत

ओट्यावर हा विषय काढला तेव्हा लोकांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. ते योग्यच होतं.

"मेट्रो सहाला सुरू होते, माझी हजेरी सहाला लागते. उडत जाऊ का?" हा सफाई खात्यातल्या भावाचा सवाल. बरोबर आहे. पहाटेच्या पाळीसाठी जोडीनं जाणं हाच उपाय आहे.

"पहाटे साडेपाचला थांब्यावर दिवा नसतो, कुत्री अंगावर येतात." हा एका ताईंचा सवाल. दिव्याची तक्रार आपल्याच क्षेत्रीय कार्यालयात करायची असते आणि दिवा लागेपर्यंत त्या थांब्यावर दोघी-तिघींनी मिळूनच जायचं.

"बस येतच नाही वेळेवर." हेही खरं. पण जरा विचार करा. बसचा निर्णय घेणारे, बसचा पैसा मंजूर करणारे आणि बसथांब्याची देखभाल करणारे मनपाशीच जोडलेले लोक आहेत. तेच जर बसमध्ये बसत नसतील, तर बस उशिरा आल्याचं त्यांना कळणार कसं? ज्या दिवशी उपायुक्तांचा पाय त्या गर्दीत चिरडेल, त्या दिवशी एक बस वाढेल.

"पास काढला तरी पेट्रोलएवढेच पैसे जातात." हिशेब करून बघू. जाऊन-येऊन २४ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ६०० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर साधारण १३ लिटर पेट्रोल. लिटरला शंभर धरले तरी १,३०० रुपये. नुसतं पेट्रोल आणि पास समोरासमोर ठेवले, तर कधी कधी फरक थोडाच दिसेल. पण त्यात हप्ता धरा, इन्शुरन्स धरा, ऑइल, टायर, पंक्चर, दंडाच्या पावत्या धरा. आणि दोघांनी एका गाडीवर जायचं ठरवलं, तर तेच पेट्रोल प्रत्येकी साडेसहाशेत येतं. उरलेल्या पैशात घरात महिन्याची डाळ आणि अंडी येतात. आरोग्याच्या पानावर हा हिशेब मांडायचं कारण हेच.

जोडी कशी जमवायची?

१९५५ सालच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि तिथल्या कृष्णवर्णीय समाजानं बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. रोज कामाला जाणारे हजारो लोक काय करत होते? कित्येक पायी जात. बाकीच्यांसाठी समाजानं गाड्यांची वाटणी केली. कुणाची मोटार कोणत्या ठिकाणाहून, किती वाजता निघेल हे ठरवलं, थांबे ठरवले, आणि ते वर्षभर पाळलं. त्यांचा लढा अपमानाविरुद्ध होता, आपला विषय वेगळा आहे. पण ज्यांच्याकडे साधनं कमी, त्यांनी वाटून घेतली की ती पुरतात, हे त्यांनी करून दाखवलं. आपल्या गल्लीत तर चारच गाड्यांचा प्रश्न आहे.

त्या मुलाच्या गल्लीत आम्ही बसलो. तिघं होते, चौथा पलंगावर. दीड तास चर्चा झाली. कुणी म्हणालं, "हा उशिरा उठतो." कुणी म्हणालं, "हा गाडी जोरात मारतो." शेवटी जे ठरलं ते इथं देतो. आपापल्या वस्तीत त्यात बदल करून घ्या.

एक, गाडी आठवड्याप्रमाणे बदलायची. या आठवड्यात याची, पुढच्या आठवड्यात त्याची. ज्याची गाडी त्याचं पेट्रोल. भाडं म्हणून पैसे घ्यायचे नाहीत. खासगी नंबरच्या गाडीवर भाडं घेऊन माणसं नेणं कायद्यात बसत नाही.

दोन, दुचाकीवर दोघंच. तिसरा नाही, जवळ जायचं असलं तरी नाही.

तीन, हेल्मेट दोघांच्या डोक्यावर आणि पट्टा लावलेला. नीट घातलेल्या हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. जोडीनं गेलं म्हणजे अपघात टळतोच असं नाही. हेल्मेट नसेल तर एका घराऐवजी दोन घरं रडतील.

चार, ज्याची झोप झालेली नाही त्यानं त्या दिवशी मागं बसायचं. यात लाज नाही.

पाच, पाच मिनिटं वाट बघायची, सहाव्या मिनिटाला निघायचं. नाहीतर जोडी भांडणात मोडते.

ज्यांचं ऑफिस दहाच्या आसपासचं आहे, त्यांनी आठवड्यातले दोन दिवस तरी बस किंवा मेट्रो धरावी. कार्यालय तीन-चार किलोमीटरच्या आत असेल तर सायकल चांगली. सीट इतकी उंच ठेवा की पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील, म्हणजे गुडघे दुखत नाहीत. मागं लाल रिफ्लेक्टर आणि दिवा हवाच.

ऑफिसनं काय करायला हवं?

सगळं ओझं कामगाराच्या खांद्यावर टाकणं आम्हाला पटत नाही. २०२० साली २ ऑक्टोबरला राज्य सरकारनं 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केलं. त्यात ठिकठिकाणच्या पालिकांनी सायकल फेऱ्या काढल्या, एखादा दिवस वाहनाशिवाय येण्याचा ठेवला. पुण्यात त्याआधी १ नोव्हेंबर २०१२ रोजी 'बस डे' झाला होता. चांगलं झालं. पण एका दिवसानं फोटो निघतात, सवय लागत नाही. सवय लागायला रोजची सोय लागते.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं १९९१ साली याचा कायदाच केला. वर्दळीच्या भागात एका ठिकाणी १०० किंवा जास्त कर्मचारी सकाळी ६ ते ९ च्या दरम्यान कामावर येत असतील, तर त्यांचं एकेकट्यानं गाडी घेऊन येणं कमी करण्याची योजना मालकानं करायची. सरकारी कार्यालयंही त्यात आली. मग बसचा पास, जोड्या जमवून देणं, वेळा बदलून देणं असे उपाय निघाले. त्यातली एक सोय आम्हाला फार आवडली. बसनं किंवा दुसऱ्याच्या गाडीतून आलेल्या कर्मचाऱ्याच्या घरी अचानक काही झालं, लेकरू आजारी पडलं, तर कार्यालय त्याला घरी पोचवण्याची हमी देतं. आपल्या बायका गाडी का सोडत नाहीत? त्या सांगतात, "शाळेतून फोन आला तर?" ही भीती काढली की निम्मं काम होतं.

आपल्या कामगार संघटनांनी पगारवाढीच्या मागण्यांबरोबर या मागण्याही लिहाव्यात: कायम आणि कंत्राटी, दोघांनाही पास. एकाच वस्तीतून येणाऱ्यांना शक्य तिथं एकच पाळी आणि एकच कोठी. छप्पर असलेला सायकल स्टँड. बायकांसाठी कडी लागणारी खोली आणि पाण्याचा नळ. अडचणीच्या वेळी घरी जायला कार्यालयाची गाडी. आणि आठवड्यातून एक दिवस आयुक्तांपासून शिपायापर्यंत सगळे बसनं.

खडूची रेघ

शेवटी वस्तीचा मुद्दा. गाड्या वाढल्या की रस्ता अपुरा पडतो. अपुरा पडला की रुंद करायचं ठरतं. आणि रुंदीकरण ठरलं की खडूची पहिली रेघ कुणाच्या दारावर पडते, ते आपल्याला कुणी सांगायला नको. एका बसमध्ये चाळीस माणसं बसली तर चाळीस गाड्यांची जागा मोकळी राहते. म्हणून आपल्यातला माणूस रोज एकटा गाडी काढतो, तेव्हा तो नकळत आपल्याच घरासमोरच्या रेघेला हातभार लावतो. हे बोलायला कडू आहे, पण खरं आहे.

त्या गल्लीतून आता दोनच गाड्या निघतात. मुलगा पुन्हा कामावर रुजू झाला आहे, अजून थोडा लंगडतो आणि मागच्या सीटवर बसतो. मावशी पहाटे दारात उभ्या राहून दोघांच्या हेल्मेटचे पट्टे बघतात, मगच चहाचं आधण ठेवतात.

आमची एवढीच विनंती आहे. या रविवारी तुमच्या घरातल्या मनपाच्या माणसाला जवळच्या विहारात किंवा दवाखान्यात नेऊन बीपी मोजून घ्या आणि तारीख टाकून लिहून ठेवा. आठवड्यातले दोन दिवस गाडी घरी ठेवायची, बाकीचे दिवस मागची सीट भरायची. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर शेजाऱ्याला सांगा. नाही आला तर डॉक्टरांना दाखवा, पण चालणं सोडू नका.